काळं पोर्ट

दौलतगंजात, चपलांच्या दुकानावरच्या खोलीत
फळणीकर गुरुजींचं यंत्र
नऊ ग्रह सेकंदात शोधतं,
राहू-केतूसुद्धा, जे मुळात नाहीतच,
आणि पोटात खोचलेली ही एक डिस्क
त्याला दिसत नाही.

पडद्यावर सरळ ओळ: एकही ड्राइव्ह सापडली नाही.
खाली ओकेचं बटण.
ओके काय त्यात.

जुनी डिस्क दिवाळीपासून टकटक करत होती.
मी म्हटलं, गुरुजी, अख्खं नवं घ्या.
त्यांनी टेबलामागे हात घालून दाखवलं:
प्रिंटरच्या रुंद पोर्टात काडेपेटीएवढी डबी,
पत्रिकेच्या सॉफ्टवेअरची किल्ली.
कंपनी बुडाली, किल्ली उरली,
आणि तसलं पोर्ट आता कुणी बनवत नाही.
"बोर्ड चालून राहिलंय ना ताई? मग चालू द्या."

तर हे बोर्ड,
आणि च्युइंगमच्या पट्टीएवढी ही,
अडॅप्टरच्या पाटावर बसवलेली.
ते जन्मलं तेव्हा हिचं कूळच नव्हतं.
बायोस उघडला: निळा पडदा, पिवळी अक्षरं,
पहिल्या घरात कुणी नाही,
दुसऱ्यात डीव्हीडी,
बाकीची घरं रिकामी.
गुरुजी खांद्यावरून वाचत होते.
"सप्तमात काही नाही म्हणा," ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.

ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणला होता.
तर पेनड्राइव्हही दिसेना.
मोजे घातलेले पाय फरशीवर बधिर,
खिडकीबाहेर धुक्यात किल्ला नाहीच,
साडेसातला लाईट गेली.
यूपीएस ओरडत राहिला तेवढ्यात गुरुजींनी विचारलं,
"पागनीसांची धाकटी ना तुम्ही?"
हो म्हटलं. पुढे ते काही बोलले नाहीत.

लाईट आल्यावर सुचलं.
निळं पोर्ट नवं आहे,
इन्स्टॉलरला तेही ठाऊक नाही.
मागे, धुळीत, काळं पोर्ट होतं.
त्यात खोचलं. ब्राऊज. फोल्डर. ओके.
आणि यादीत एकटीच ओळ आली:
डिस्क शून्य, दोनशे अडतीस जीबी, जागा मोकळी.

एवढ्यावर संपतं तर काय हवं होतं.
रीस्टार्ट केलं, आणि काळा पडदा,
कोपऱ्यात लुकलुकती रेघ.
इन्स्टॉलरनं ओळखली, बोर्डानं नाही.
मग दुसरी पेनड्राइव्ह काढली, नखाएवढी.
बोर्ड तिला ओळखतं, ती डिस्कला ओळखते.
"म्हणजे मध्यस्थ," गुरुजी म्हणाले.
"पण मध्यस्थ ओळख करून देतो आणि जेवून जातो."
हा जायचा नाही, म्हटलं.
रोज सकाळी बटण दाबलं की
ह्यानं नव्यानं सांगायचं,
बाबा रे, ही तुझ्याच घरात आहे.
काढलात तर परत मला फोन.
ते बराच वेळ त्या नखाकडे बघत बसले.

शेवटी जुन्या डिस्कवरून पत्रिका उतरवल्या.
अकराशे बेचाळीस.
टकटकीतून एकेक नाव वर यायचं,
आपटे, इंगळे, ओक, कुलकर्ण्यांची तर रांगच,
आणि 'प'वर येऊन सगळं थांबलं.
पागनीस, माझं नाव, दोन हजार नऊ.
बाबा आले असतील इथे, माझा कागद घेऊन,
ह्याच जिन्यानं.
वाचता येत नाही, पडदा म्हणाला.
पुन्हा प्रयत्न, की सोडून पुढे?

गुरुजी दुधाचं पातेलं उतरवायला आत गेले होते.

पुन्हा, दाबलं. नाही.
पुन्हा.
धंद्याची सवय, दुसरं काही नाही,
गिऱ्हाइकाची फाइल सोडत नसतात.
पाचव्या वेळी डिस्क खोकली आणि दिली.
उघडली नाही मी.
परांजपे आले, पाठोपाठ पोतनीस.

बिलातले पन्नास गुरुजींनी कापलेच.
वर, पेनड्राइव्हला कुणाचा धक्का लागू नये म्हणून
तिच्यावर पालथी घालायला
आतून स्टीलची वाटी घेऊन आले.